रिगवरची ड्युटी

समुद्रातली तेलविहीर आटली आणि कंपनीने रिगवरच्या सगळ्यांना नारळ दिला. घरी सांगायला क्रेनवाल्याची जीभ रेटेना. पंधरा दिवस घर, पंधरा दिवस रिग हा शिरस्ता त्याने तसाच चालू ठेवला. ड्युटीचा दिवस आला की बॅग उचलायची आणि परगावी बहिणीकडे जाऊन तिचं तान्हं बाळ सांभाळायचं.

आजही बायकोने दारात त्याच्या हातात हेल्मेट दिलं. "समुद्र खवळलाय म्हणे. जपून राहा."

"माझं काय, सवय झालीय लाटांची," तो म्हणाला.

"तेही खरंच," म्हणत तिने बॅगेत एक चिमुकली लोकरीची टोपी सरकवली.



"वन्संच्या बाळाला होते का बघा. नाही झाली, तर पुढच्या ड्युटीला मोठी विणून देते."