रवंथ

१९९८च्या मे महिन्यात राधानगरीच्या जंगलात एक गवा मरून पडला. शवविच्छेदनासाठी जनावरांच्या डॉक्टर अरुणा उपाध्ये कोल्हापूरहून आल्या आणि वनरक्षक भीमाप्पाबरोबर भरदुपारी तिथं पोचल्या.

गवा मरून आठ दिवस झाले असावेत. पोट टम्म फुगलं होतं आणि डोळ्यांच्या खोबणीत अळ्या वळवळत होत्या. वास इतका दाट होता की त्याची चव जिभेवर चिकटत होती.

अरुणांनी पोटावर सुरी चालवली. फस्सकन वायू सुटला आणि हिरवट पाणी त्यांच्या बुटांवर आलं. आतलं गवत मात्र कोवळं आणि लुसलुशीत होतं, नुकतंच खाल्ल्यासारखं.

"भीमाप्पा, इथं हिरवं गवत कुठं आहे?"

"कुठलं बाई? समदं रान वाळलंय. हिरवी काडी न्हाय."

तेवढ्यात गव्याच्या मानेत काहीतरी हललं. कातडीखालून मुठीएवढा गोळा सावकाश तोंडाकडं सरकत होता. मग जबडा आडवा फिरला. करकर आवाज आला आणि ओठांतून चिरडलेल्या अळ्या, हिरवा फेस गळू लागला.

अरुणा झुडपाआड धावल्या आणि भडाभडा ओकल्या.

"वायू सुटला की असं होतं," परत येऊन त्या कशाबशा म्हणाल्या. "मेलेलंच आहे ते."

गव्याचा जबडा आता थांबला होता. पण भीमाप्पा गव्याकडं बघतच नव्हता. तो अरुणांच्या तोंडाकडं बघत मागं सरकत होता.

"बाई," तो म्हणाला, "तुमी काय चघळताय?"

अरुणांनी जबडा दोन्ही हातांनी दाबून धरला. तो थांबेना.