एका बोलीत दिलेलं कार्ड

लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला अन् गेम खेळायला शिवकन्या नव्या कॉम्प्युटरचे पार्ट निवडत होती. ग्राफिक्स कार्डच तेवढं राहिलं होतं. गेवराईतल्या दुकानात तिच्या बापानं, सिदूनं, कमी करून मागितलं.

"घ्या मामा, दिलं," दुकानदार मुजाहिद म्हणाला.

शेळ्यांच्या बाजारात जन्म घालवलेल्या सिदूनं पोरीला बाहेर ओढलं. "एका बोलीत देतोय. जनावरात खोड हाय."

"आबा, ते कार्ड हाय!"

"मग कार्डात खोड हाय."

शेजारच्या दुकानात खाजामियाँनी तसल्याच कार्डासाठी तासभर घासाघीस केली, दोनदा 'निघा' म्हणाले अन् वर मुजाहिदपेक्षा जास्तच पैसे घेतले. सिदूचा जीव भांड्यात पडला.

"माल आणतो," म्हणत खाजामियाँ मागच्या दारानं गेले. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला,

 

"मुजाहिद, ते मघाचंच कार्ड दे बे!"