पहिली फेरी

“ज्या मोटारीतून या बॅटऱ्या काढल्यास, तिच्यात कुणी गेलं होतं का, ते आधी सांग.” सेक्रेटरी पेंडसे गोल्फ कार्टपासून दोन हात लांबच उभे होते.

निवृत्तांच्या या वसाहतीतली कार्ट भोजनगृहाच्या चढावर अर्ध्यातच दम टाकायची. वसाहतीची दुरुस्तीची कामं बघणाऱ्या वैजयंतीने तिच्यातल्या शिशाच्या जड बॅटऱ्या काढून, अपघातात चेपलेल्या इलेक्ट्रिक मोटारीच्या लिथियम बॅटऱ्या बसवल्या. पण पहिल्या फेरीला कुणी बसेना.

“आम्ही तसेही रांगेतच आहोत गं, घाई कशाला?” एक आजोबा म्हणाले. सगळे हसले. गुडघ्यांपायी महिनाभर खोलीत एकट्याच जेवणाऱ्या कुमुदमावशी तेवढ्या हसल्या नाहीत.

“कुणी गेलं नाही,” वैजयंती म्हणाली. “मोटार माझीच होती. मीच चालवत होते.” तिने बाही सारून कोपरावरचा व्रण दाखवला.

“मग मी हिच्या शेजारी बसते. पोरीचं नशीब दांडगं दिसतंय,” म्हणत कुमुदमावशी काठीसकट चढल्या.

कार्ट एका दमात वर पोचली. मावशींनी खाली पाहिलं. दुसऱ्या फेरीच्या रांगेत पेंडसेच पहिले होते.

“अहो पेंडसे, जिवंत आहे मी!” त्या ओरडल्या. “या लवकर, वरण निवतंय.”