पूजा बाकी

तनुजा खोतने सकाळी पुलाच्या साइटवर टॅबलेट उघडला आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे सगळ्या यंत्रांच्या नोंदी मागितल्या. यंत्रं आपापली नोंद स्वतःच लिहायला लागल्यापासून हे काम चुटकीसरशी व्हायचं. आज मात्र क्रेनपासून मिक्सरपर्यंत प्रत्येकाने एकच उत्तर धाडलं: 'उपलब्ध नाही. पूजा बाकी.'

तनुजाने घड्याळ पाहिलं. रेल्वेने गाड्या फक्त दुपारपर्यंत थांबवल्या होत्या. तेवढ्या वेळात रुळांच्या वर पुलाचा गर्डर बसवायचा होता. आणि हेड ऑफिसने तर यंदा वेळ वाचवायचा म्हणून खंडेनवमीची पूजाच रद्द केली होती!

"मॅडम, दरवर्षी या दिवशी आपल्याला हार मिळतो, हे यंत्रांनी बरोबर लक्षात ठेवलंय," क्रेन चालवणारे इस्माईलभाई हसत म्हणाले. "लाडावलीत माझी लेकरं. फुलं आणवू का?"

"आणवा! हेड ऑफिसला मी बघून घेते."

झेंडू आला, हळदकुंकू आलं, नारळ आले. हार पडेल तशी एकेक नोंद 'उपलब्ध' होत गेली आणि क्रेन घरघरत गर्डर उचलायला लागली. तरी एक नोंद अडूनच बसली होती. तनुजाने तिचं ठिकाण पाहिलं: 'तनुजा खोत यांच्या हातात.'

खो खो हसत तिने टॅबलेटवर झेंडूचं फूल ठेवलं. इस्माईलभाई उरलेला नारळ घेऊन पुढे सरसावले, तशी पडद्यावर घाईघाईने अक्षरं उमटली:

'उपलब्ध. नारळाची गरज नाही.'