उसना गारठा

“साखर वाढलेली ह्यांची आणि गोठायचं मी!” बर्फाळ पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या कुंदाताई पुटपुटल्या.

“दहाच मिनिटं तर असतात,” टबाशेजारच्या खुर्चीतून दिगंबरराव म्हणाले.

रक्तातली साखर उतरवणारं थंड पाणी त्यांच्या अधू हृदयाला सोसत नव्हतं. म्हणून दोन वर्षं रोज सकाळी कुंदाताई गारठायच्या आणि मनगटावरच्या पट्ट्यातून त्या गारठ्याचा गुण दिगंबररावांच्या अंगात उतरायचा. पट्टा सरकू नये म्हणून दोघांनी हात घट्ट धरायचे, असा मिरजेच्या ‘थंडघर’ दवाखान्याचा नियम होता. चाळीस वर्षांच्या संसारात दिगंबररावांनी बायकोचा हात असा प्रथमच धरला होता, तोही नियम म्हणून.

आज मात्र कुंदाताईंचे ओठ निळे पडले. सुजलेले गुडघे पाण्यातही थरथरताना दिसत होते. दिगंबररावांना ते बघवेना.

“कुंदा, ऊठ. बाहेर ये आधी.”

“अहो, सहाच मिनिटं झालीत!”

“मी तीन महिन्यांपूर्वीच बरा झालोय. नर्सबाईंना मीच म्हटलं, हिला सांगू नका.”

टॉवेल घेऊन आलेल्या नर्सबाई छताकडे बघू लागल्या. “मला दोघांनीही तेच सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या.

दिगंबरराव बायकोकडे बघतच राहिले. “म्हणजे तुला माहीत होतं? मग रोज कशाला बसलीस गं?”

टबाबाहेर येऊन, टॉवेल गुंडाळून कुंदाताई त्यांच्या शेजारी टेकल्या. नवऱ्याचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.

“घरी कधी धरलात का हो असा?”