तिसरी प्रत

“तिसरी प्रत बघा बरं, बद्रीनाथ. अक्षर नीट उठलंय का?”

बद्रीनाथनं कागद उजेडाला धरला. अक्षर छान उठलं होतं. उठणारच! डॉ. नरहर देऊळगावकर म्हणजे आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवणारा माणूस. पण टाईपाला कार्बन मात्र दर पत्राला नवा कोरा काढून द्यायचे.

“सर, मूळ पत्र अन् फायलीची प्रत, दोन बस की. तिसरीचा खर्चा कशाला?”

“असू द्या. हाताशी एक जादा असलेली बरी. पाकिटाचं मी बघतो.”

ती जादा प्रत टेबलाच्या कडेला पडून राहायची आणि निघताना बद्रीनाथच्या शर्टाच्या आत जायची. सकाळी तो बदनापूरहून गाडीनं जालन्याला कामावर गेला की ती तिथल्या साहेबांच्या टेबलावर.

डॉक्टर बियाण्यांचे शास्त्रज्ञ. आणीबाणीत तुरुंगात जाऊन आलेले. नोकरीत होते तेव्हाच तोंडाला कुलूप नव्हतं, निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. रोज संध्याकाळी एक पत्र. कधी मंत्र्याला, कधी सचिवाला, कधी कलेक्टरला. टाईपाला माणूस हवा म्हणून बद्रीनाथ पहिल्यांदा आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, “दिवसा कुठं असता?”

गावोगाव खत-बियाणं पुरवणाऱ्या जालन्यातल्या एका कचेरीचं नाव त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी ते नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, “उद्यापासून या.”

ही बातमी कचेरीत पोचायला कितीसा वेळ! साहेबांनी बद्रीनाथला आत बोलावलं. “म्हातारा काय लिहून राह्यला ते आधी मला कळलं पाहिजे. तुला कायम करून टाकतो.”

रोजंदारीवर बद्रीनाथचे केस पिकायला आले होते. तो हो म्हणून बसला.

पैसे खाताना लाज वाटत नसेल लोकांना, पण भाकरी खाताना फार वाटते. निघायच्या वेळी शरयूकाकू, डॉक्टरांच्या मंडळी, हटकून म्हणायच्या, “गरम आहे, बसा दोन घास.” बद्रीनाथ बसायचा. घास गिळला की शर्टातला कागद कुरकुरायचा. काकूंना ऐकू गेलं असेल का, या धास्तीनं तो पाणीच जास्त प्यायचा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं बिचाऱ्याला.

अंबडच्या वेळी तर कहर झाला. तिथं पाठवलेल्या खताच्या गोण्यांत निम्मी मातीच आहे, असं डॉक्टरांनी पत्रात लिहिलं. ती प्रत वाचून साहेबांना घाम फुटला. “हे वर पोचायच्या आत गोण्या बदला! जल्दी!” रातोरात बनावट गोण्या परत आल्या, चांगल्या गेल्या. वरून कुणी तपासायला आलंच नाही.

चोराला आपणच वाट दाखवली, असं बद्रीनाथच्या मनानं घेतलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, “अंबडच्या गोण्या बदलल्या म्हणे. बरं झालं.” आणि त्यांनी मजेत दुसरा चहा मागितला. या भोळ्या माणसाकडं बद्रीनाथला मान वर करून बघवेना.

मग जून उजाडला. केदारखेड्याला वाटायला मुगाचं बियाणं आलं होतं. त्यातलं मूठभर डॉक्टरांनी ओल्या फडक्यात बांधून ठेवलेलं. उलगडलं तर कोंब शोधावे लागत होते.

“मी लेकीकडं पुण्याला चाललोय, आठवडाभर. एवढं पत्र आज झालंच पाहिजे,” ते म्हणाले. “हे बी पेरलं तर गावाचा हंगाम गेला. तिसरी प्रत बघा बरं का.”

त्या दिवशी बद्रीनाथ काकूंकडं जेवला नाही. घरी आला आणि शर्टातला कागद बायकोच्या पेटत्या चुलीत घातला.

“काय जाळून राह्यले?”

“पाप,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, “काही हाय का आज?”

“काही न्हाई. म्हातारा गावाला गेला.” साहेबांच्या डोळ्याला डोळा देऊन त्यानं सांगितलं. आता पत्र सरळ वर जाईल, तपासणी येईल, साहेब मुद्देमालासकट सापडतील! बियाण्याचा ट्रक केदारखेड्याला निघाला तेव्हा तो फाटकात उभा राहून बघत होता. वर्षभरात पहिल्यांदा त्याला बरी झोप लागली.

तपासणी आली नाही. सरकारी काम, येईल उद्या-परवा, असं म्हणत त्यानं आठवडा काढला.

डॉक्टर परत आल्याचं कळताच तो गेला आणि दारातच सगळं ओकून टाकलं. शर्ट, कचेरी, साहेब, कायम व्हायची हाव, सगळं. डॉक्टर ऐकत होते. रागावले नाहीत, दचकलेसुद्धा नाहीत. चहा घेत मान हलवत राहिले.

“सर, मारा मला, पण असं गप बसू नका. तुमचं अन्न खाऊन हे केलं मी. पण शेवटचं न्हाई नेलं, सर. केदारखेड्याचं. चुलीत घातलं.”

डॉक्टरांचा कप बशीवर आपटला. “नेलं नाही?”

“बिलकुल न्हाई. आईची आन.”

“बी वाटलं?”

“वाटलं. पेरून बी झालं म्हणे. पण तुमचं पत्र गेलंय की वर, मंग आता साहेब—”

डॉक्टर उठले. त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. वर्षभराची पाकिटं आत रचून ठेवली होती. चिकटवलेली, पत्ते घातलेली. तिकीट मात्र एकावरही नव्हतं.

“तुम्ही यायच्या आधी टपालानं पाठवलेलं माझं पत्र कुणी फोडतसुद्धा नव्हतं, बद्रीनाथ,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही चोरून नेलेलं तेवढं तुमचे साहेब वाचायचे.”