कपाटामागची भिंत

बाईनं आल्या आल्या भिंतीला नाक लावलं, तेव्हाच सत्यशीलाच्या मनात पाल चुकचुकली.

विमा कंपनीनं पाठवलेली ही सर्व्हेअर. तनुजा नाव. परवाच्या वादळात वारज्यातल्या या फ्लॅटच्या हॉलची काच फुटली, पाणी आत घुसलं, भिंतीचे पोपडे निघाले. घराचा विमा मुलीनं काढून ठेवलेला, म्हणून ही नुकसान बघायला आलेली. आता काच फुटलीय तर खिडकी बघावी की नाही माणसानं? हिनं खिडकीचे दोन फोटो काढले आणि तिला सोडून दिलं. भिंत मात्र हुंगतेय, टिचक्या मारतेय, कान देऊन ऐकतेय.

"पाणी कुठून आलं, काकू?"

"आभाळातनं."

तनुजा हसली नाही. पिशवीतून छोटं यंत्र काढून तिनं भिंतीला टेकवलं. ते टूं टूं वाजलं. सत्यशीलाला त्या यंत्राचाही भरवसा वाटेना. ज्याच्या हातात असेल त्याच्या बाजूनं वाजत असणार मेलं.

सकाळीच भावाचा, इंद्रजीतदादाचा फोन येऊन गेला होता. "ही माणसं गोड बोलून गळा कापतात. चहा पाज, पण तोंड उघडू नको." दादा उगाच बोलायचा नाही. हा फ्लॅटही त्यानंच दिलेला. वडिलांची जमीन बिल्डरकडं गेली तेव्हा सत्यशीलानं हूं की चूं न करता आपला वाटा सोडला, दादा दाखवेल तिथं सह्या केल्या. दादानंही आपल्या वाट्याच्या फ्लॅटांतला एक तिच्या नावावर करून दिला. तिच्या चुलत बहिणी अजून सख्ख्या भावांविरुद्ध कोर्टात खेटे घालत होत्या. आपला भाऊ तसला नाही, हे ती सगळ्या वारज्याला सांगत आली होती.

"ताबा घेताना भिंती नीट बघितल्या होत्या का?" तनुजानं विचारलं.

"भावाच्या घरच्या भिंती ठोकून बगायच्या व्हय?"

"काकू, सरळ सांगते. वादळानं काच फुटून पाणी आलं, ते पॉलिसीत बसतं. भिंत आधीपासूनच झिरपत असेल, तर ते नाही बसत. म्हणून विचारतेय."

"आधी टिपूस न्हवता. लिवा तसं."

तिनं ठणकावून सांगितलं खरं, पण धास्ती वेगळीच होती. पैसे नाही मिळाले तर चार महिने ओढाताण झाली असती, बाकी काही नाही. पण भिंत आधीपासून झिरपते असं ठरलं, तर दादाला ते ठाऊक होतं का, हे आलंच. आणि तेवढं सोडून काहीही ऐकायची तिची तयारी होती.

"हे कपाट जरा हलवू या का?"

"ते कशापायी? ते आमच्या दादानं दिलंय. वास्तुशांतीला. सोता उभं राहून बसवून घेतलंय तिथं."

"आत काही आहे?"

आत काही नव्हतं. भिजलेल्या साड्या गॅलरीत वाळत होत्या. नाही म्हणावं, तर लपवतेय असं दिसणार. सत्यशीला बाजूला झाली. तनुजानं खांदा लावला आणि कपाट करकरत हातभर पुढं सरकलं.

मागं वादळाचं काहीच नव्हतं. तपकिरी डाग होते, एकात एक गुंतलेले, पार छतापासून जमिनीपर्यंत. मधे पुट्टीचं मोठं ठिगळ, त्यावर रंगाचा एक हात, त्यातूनही ओल बाहेर आलेली. कुबट वासाचा भपकारा आला. हाच वास साड्यांना यायचा, म्हणून ती कपाटात डांबरगोळ्या ठेवत आली होती.

"हे परवाचं नाही," तनुजा म्हणाली. "गच्चीचं पाणी मुरतंय इथं. कपाट बसवायच्या आधी कुणीतरी बुजवून घेतलंय."

"कुणीतरी म्हंजे?"

"ते मला कसं कळणार? मी फक्त भिंत बघते." मग आवाज जरा उतरवून ती म्हणाली, "खिडकीचं, तिथल्या फरशीचं सगळं देता येईल. या भिंतीचं मला लिहिता येणार नाही, काकू."

खोटारडी आहे, सत्यशीलाला वाटलं. कंपनीचं मीठ खातेय, कंपनीचंच बोलणार. बिल्डरनं केलं असेल, गवंड्यानं केलं असेल, दादाला बिचाऱ्याला काय पत्ता. ती हे तोंडावर बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. दादाच होता.

"गेली का गं ती?"

"हाय अजून."

"काय म्हणतेय?"

"बगतेय."

मग दादा म्हणाला, "कपाटबिपाट न्हाई ना हलवलं तिनं?"

सत्यशीला भिंतीकडं बघत राहिली. कपाटाचा विषय तिनं काढला नव्हता. तनुजानं मान खाली घालून यंत्र पिशवीत ठेवायला घेतलं.

"न्हाई दादा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच आला, याचं तिलाच नवल वाटलं. "तू बसवलेलं कोन कशाला हलवंल? ते ऱ्हाऊ दे. उद्या जेवाय ये. वहिनीलाबी आन. लई दिवस झालं, माझ्या हातचं खाल्लं न्हाईस."

दादा मोकळं हसला. येतो म्हणाला.

फोन ठेवून तिनं पदर खोचला आणि कपाटाची एक बाजू धरली.

"धरा जरा पलीकडनं," ती तनुजाला म्हणाली. "गॅलरीत टाकायचंय. उद्या भावाचं पान हितं मांडायचंय, भिंतीकडं तोंड करून."